आधी कुणाला सांगितलं

भूमच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या संघप्रियाचं ओळखीच्या माणसांशी कधी जमलं नाही. एरवी ती सगळ्यांची. कुणाच्या घरी आजारपण असो की बारसं, ही पहिली हजर. पण एकदा खाकी चढवून खिडकीत बसली की ती कुणाचीच नसते. ओळखीचा माणूस जाळीला तोंड लावून हळूच विचारतो, "ताई, बार्शीची येणार का न्हाय? मला तेवढं सांगा." ही बाई माईक पुढं ओढते, बटण दाबते आणि बार्शीची गाडी अर्धा तास उशिरा येत असल्याचं अख्ख्या स्थानकाला सांगते. ओळखीचा माणूस तोंड वाकडं करून बाकावर जाऊन बसतो. त्याला जे कळलं तेच शेंगा विकणारीलाही कळलं. मग ओळख काढून मिळवलं काय?

"गाडी सगळ्यांची, तर बातमीबी सगळ्यांची," एवढंच ती म्हणते. यावरून नवऱ्याशी, मेहुण्याशी आणि एकदा तर स्वतःच्या सासूशीसुद्धा तिचं वाजलं आहे. सासूची गाडी चुकली होती आणि सून खिडकीत बसलेली होती. सासूनं ते वर्षभर मनात धरलं.

हा ताठा कुठून आला, ते सांगायचं तर तिच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. वडील हरिबा गवंडी. भूमच्या भीमनगरात जो बुद्धविहार आहे त्याच्या भिंती हरिबानं मजुरी न घेता उभ्या केल्या. छताची वर्गणी जमली, ती विहार समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षाकडं ठेवायला दिली आणि छत काही चढेना. आज सिमेंट महाग आहे, उद्या वाळू मिळत नाही. त्याच उन्हाळ्यात अध्यक्षानं स्वतःच्या घरावर दुसरा मजला चढवायला काढला आणि बांधायला बोलावलं हरिबाला. हरिबानं रोजानं जाऊन तो मजला बांधला. चांगला बांधला. पैसा कुणाचा ते त्याला पुढं कळलं. त्यानंतर हरिबा त्या गल्लीतून जाताना मान वर करत नसे. अध्यक्ष मात्र गच्चीवर खुर्ची टाकून खुशाल हवा खात बसायचा.

तेव्हा संघप्रिया बी.कॉम.ला होती. भर बैठकीत ती उठली आणि बोलली. बायका तोवर बैठकीत मागं बसायच्या. ही पुढं आली. तिनं मागितलं ते मिळाल्याशिवाय खाली बसली नाही. तिनं मागितला तो नियम असा: वस्तीचा पैसा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायचा तर तो पौर्णिमेच्या संध्याकाळी, वंदना झाल्यावर, घरटी एक माणूस समोर बसलेलं असताना, हात वर करून. त्यानंतर तिघांच्या सह्या. मधल्या दिवसांत कुणी कितीही मोठा असो, पैशाला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून भीमनगरातला एक रुपया कुठं गेला नाही. विहाराला छत चढलं, फरशी बसली, आणि मग वस्तीनं पुढचं मनावर घेतलं: विहाराला लागून पोरांसाठी अभ्यासिका. एका खोलीच्या घरात टीव्ही, शिलाई मशीन आणि आजारी म्हातारा यांच्यामध्ये बसून कुणी काय अभ्यास करणार?

अभ्यासिकेसाठी वर्गणी सुरू झाली आणि ती कितीतरी पौर्णिमा चालली. पुतळाबाईनं दोन शेळ्या विकल्या. पुतळाबाई म्हणजे वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई, रस्त्याच्या कामावर खडी फोडून हात दगड झालेले. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली होती आणि त्या सहीचा तिला इतका अभिमान की वस्तीनं तीन सह्यांत तिची एक सही ठेवली. दुसरी सही पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या आबारावांची. तिसरी संघप्रियाची. पायाभरणीला तालुक्यातल्या एका मोठ्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आले होते. त्यांनी कुदळ मारली, बचतीच्या संस्कारावर पाऊण तास भाषण केलं आणि पुस्तकांसाठी एक कपाट देतो म्हणाले. ते कपाट अजून यायचं आहे.

पाया भरला. भिंती दारावरच्या लिंटलपर्यंत आल्या. स्लॅबचे पैसे पुरे व्हायला अजून वर्षभर लागणार होतं. तोवर जमलेला पैसा बँकेत निजवून काय करायचा, म्हणून आबारावांनी सुरजला आणलं.

सुरज धाराशिवचा, फंडांचा एजंट. गोड पोरगा, खोटं कशाला बोला. विहारात आला, चप्पल बाहेर काढून सतरंजीवर मांडी घालून बसला, आणि अल्प मुदतीचा रोखे फंड म्हणजे काय ते त्यानं सगळ्यांना कळेल असं सांगितलं. मोठ्या कंपन्यांना थोड्या दिवसांसाठी पैसा लागतो. फंड त्यांना तो देतो, त्याबदल्यात कागद लिहून घेतो, म्हणजे रोखा. वेळ भरली की व्याजासकट पैसा परत. बँकेपेक्षा थोडं जास्त मिळतं.

"अन् काढायचे झाले तर?" संघप्रियानं विचारलं.

"कधीबी काढा, ताई. तीन दिवसात खात्यावर."

"ह्यात आणखी कुणाकुणाचे पैसे हायत?"

सुरज हसला. "कंपन्यांचे हायत, संस्थांचे हायत. शंभरातले सत्तर रुपये असल्या बड्या लोकांचे. ते काय येडे हायत का, ताई?"

त्या सत्तरनं काम केलं. एवढी शिकलेली, सुटाबुटातली, वकील बाळगणारी माणसं जिथं बसली आहेत तिथली जमीन पक्कीच असणार, असं सगळ्यांना वाटलं. संघप्रियालाही वाटलं. हात वर झाले, त्यात तिचा होता.

पण ती पडली खिडकीतली बाई. गाडी फलाटाला लागली म्हणून तिचं लक्ष हटत नाही. कोण चढतं, कोण उतरतं हे ती बघत राहते. तिला अनुभवानं ठाऊक आहे की गाडी रद्द झाल्याचं खिडकीत कळायच्या आधीच बाकावरची दोन-चार माणसं पिशव्या उचलतात. त्यांना वाटेतून कुणाचा तरी फोन आलेला असतो. बाकीचे तसेच बसून राहतात, शेंगा खात. म्हणून तिनं ठरवलं, आपण त्या सत्तरवर नजर ठेवायची. फंड कंपनीच्या वेबसाइटवर महिन्याच्या महिन्याला, अगदी खाली, बारीक अक्षरांत, शंभरातले किती रुपये संस्थांचे आणि किती साध्या माणसांचे ते दिलेलं असतं. दुपारी गर्दी ओसरली की डबा उघडायच्या आधी ती मोबाईलवर तेवढं बघून घ्यायची. सत्तर. एकाहत्तर. परत सत्तर. मग ती निवांत जेवायची.

एका महिन्यात तिथं एकसष्ट आलं.

तिनं सुरजला फोन लावला. तो लगेच बोलला, अगदी समजावून बोलला. "तिमाही संपली ना, ताई. कंपन्यांना सरकारचा कर भरायचा असतोय. म्हणून काढतात अन् पुढच्या महिन्यात परत टाकतात. जातात अन् येतात. तुमच्या यष्टीसारखंच."

बोलण्यात तथ्य होतं, बी.कॉम.ला शिकलेल्या बाईला ते पटलं. पुढच्या महिन्यात बावन्न आलं. कुणी परत टाकलं नव्हतं. या खेपेला सुरजनं फोन उचलायला दोन दिवस घेतले आणि उचलल्यावर म्हणाला, "ताई, तुमी लई बघता. एवढं बघायचं नसतंय. बघितलं की माणूस घाबरतंय."

तिसऱ्या महिन्यात छत्तीस. आता तिनं छत्तीसवर न थांबता फंडाकडं कोणकोणत्या कंपन्यांचे कागद आहेत तेही उघडून पाहिलं. घरबांधणीला कर्ज देणारी एक कंपनी होती, जिची बाजारातली पत नुकतीच खाली उतरवली होती. आधी तिचा कागद शंभरात चार रुपयांचा होता. आता अकरा. फंडानं तो आणखी विकत घेतला म्हणावं, तर तसंही नव्हतं. संघप्रियानं डबा बाजूला सारला आणि पुन्हा पाहिलं, मग तिच्या डोक्यात उजेड पडला. निघून गेलेल्या बड्यांना रोख द्यायला फंडानं चांगले, पटकन खपणारे कागद विकले होते. जो कागद कुणी घेईना तो मागं राहिला होता, आणि तो आता मागं राहिलेल्यांचा होता. भूममध्ये खवा आटवणाऱ्यांच्या घरी जन्मभर जाणं-येणं असलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. वरचा पांढरा खवा आधी आलेल्यानं उचलला, कढईला लागलेला करपलेला थर उशिरा आलेल्याच्या पुढ्यात, आणि भाव दोघांना एकच.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्यूटी संपताच ती थेट आबारावांकडं गेली. आबाराव अंगणात खाटेवर बसले होते. पुतळाबाई तिथंच उंबऱ्याशी तूर निवडत होती.

"आबा, पैसे आत्ताच्या आत्ता काढाया पायजेत. मोठी माणसं पळायलीत."

आबारावांनी सगळं ऐकून घेतलं. ते सावकाश बोलणारे गृहस्थ. प्रत्येक शब्द तोलून ठेवणार. "पौर्णिमा पुढल्या आठवड्यात हाय," ते म्हणाले.

"तवर काय ऱ्हाईल त्यात?"

"मग उद्या बैठक बोलवू. पण घरटी माणूस कुठून आणतीस? पुण्याला कामाला गेलेत त्यांच्या घरांना कुलपं हायत. ते पौर्णिमेलाच येत्यात."

पुतळाबाईनं सूप खाली ठेवलं. "कशाला पायजे बैठक? आण तो कागद. म्या करते सही."

"मीबी करतो," आबाराव म्हणाले. "तू म्हण फक्त. नियम तुझा हाय, पोरी. तुझ्या बापासाठी तू मागून घेतलेला. तू म्हण की आज तो बाजूला ठेवू, अन् मी गुमान सही करतो."

असलं कात्रीत धरणं शत्रूलाही नको. संघप्रिया अंगणात उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर पैसे वाचले असते, हे आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा तिला फक्त भीती होती, खात्री नव्हती. आणि चांगल्या हेतूनं एकदा मोडलेला नियम पुढच्या वेळी कोण कुठल्या हेतूनं मोडेल, हे कळायला तिला गच्चीवर खुर्ची टाकून बसलेला तो जुना अध्यक्ष आठवणं पुरेसं होतं. ती तसं म्हणाली नाही. घरी गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पौर्णिमा आली. वंदना झाली. पुण्याहून आलेली माणसं पाठपिशव्यांसकट येऊन बसली. तिनं सगळं सांगितलं, सगळ्यांनी हात वर केले, एकही हात खाली नव्हता. पुतळाबाईनं जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली. सकाळच्या पहिल्या गाडीनं संघप्रिया धाराशिवला फंडाच्या कचेरीत पोचली. काचेमागच्या मुलीनं अर्ज हातात घेतला, नाव वाचलं आणि तसाच परत सरकवला.

"मॅडम, ह्या फंडातून पैसे काढणं बंद झालंय. काल संध्याकाळी मेल आलाय."

काल संध्याकाळी. म्हणजे इकडं विहारात हात वर होत होते तेव्हा. रोखे विकले जातील तसतसे पैसे येतील, आज ना उद्या येतील, किती येतील ते सांगता येत नाही, असं त्या मुलीनं पाठ केल्यासारखं सांगितलं. तिच्यावर ओरडून उपयोग नव्हता. संघप्रिया ओरडली नाही, पण परतीच्या गाडीत शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून.

इथवर झालं त्याला तुम्ही नशीब म्हणाल. तीही म्हणाली असती. पण मग बिभीषण आला.

बिभीषण हा त्या शिक्षण संस्थेचा कारकून, जिच्या अध्यक्षांनी पायाभरणीची कुदळ मारली होती त्याच संस्थेचा. बार्शीच्या गाडीची वाट बघत खिडकीशी उभा होता. मनानं साधा, पोटात काही ठेवता न येणारा माणूस. फंड बंद पडल्याची बातमी तोवर पेपरात आली होती.

"ताई, तुमचंबी त्यात अडकलं म्हणं? आमचं बाकी बचावलं. सुरजशेठचा सकाळीच फोन आला अध्यक्षांना. लगीच दुपारी दोन सह्या झाल्या अन् मी स्वतः कागद घेऊन गेलो की."

"कधीची गोष्ट, बिभीषणभाऊ?"

"शाळेची तपासणी व्हती बगा, त्याच आठवड्यात."

शाळेची तपासणी कधी होती ते संघप्रियाला चांगलं माहीत होतं, कारण साहेबांच्या गाडीची चौकशी त्याच खिडकीत झाली होती. त्याच आठवड्यात तिनं एकसष्ट पाहून फोन केला होता. त्याच आठवड्यात सुरज तिला म्हणाला होता, जातात अन् येतात.

बिभीषणची गाडी लागली, तो चढला, हात हलवून गेला. तो काय बोलून गेला याचा त्याला पत्ता नव्हता. त्यानंतरच्या घोषणेत संघप्रियानं आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा फलाट सांगितला.

सुट्टीच्या दिवशी ती सुरजच्या ऑफिसात गेली. नवं ऑफिस, थंडगार, टेबलावर काच. सुरज उठून उभा राहिला. "या ताई, बसा. चहा सांगतो."

"बसायला आले न्हाय. संस्थेच्या अध्यक्षांना फोन केलतास का न्हाय, तेवढं सांग."

तिनं तुम्ही सोडून तू म्हटलं हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं दार लोटलं. "ताई, ते खातं मोठं हाय. हे हापिस, ही बाहेर बसलेली पोरं, सगळं त्यांच्यावर चालतंय. त्यांना सांगावंच लागतंय."

"अन् मी फोन केला तवा? मी तर स्वतः होऊन विचारलं व्हतं."

"तुमचं खातं..." तो थांबला. लहान, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. मग त्यानं जे सांगितलं ते त्याला वाटलं शहाणपणाचं. "असं बगा, ताई. सगळ्यांनाच सांगत बसलो तर सगळेच पळत्यात. अन् सगळे पळाले की कुणालाच काय मिळत न्हाय. फंडच बसतोय."

"म्हंजे आमी बसून राहिलो," संघप्रिया म्हणाली, "म्हणून ते उठू शकले."

यावर सुरजनं पेन उचललं, ठेवलं, आणि बाजाराच्या जोखमीचं काहीतरी बोलायला लागला. हेच मला सगळ्यात चीड आणणारं वाटतं. चोरानं तोंड चुकवलं तर समजता येतं; हा माणूस तोंड वर करून, चहा विचारून, सगळं नियमातच झालं म्हणून सांगत होता. आणि कागदावर ते नियमात होतंही. तिनं फंड कंपनीकडं तक्रार केली, तिचं उत्तर छान कागदावर आलं: गुंतवणूकदारांनी योजनेची माहिती काळजीपूर्वक वाचावी. वाचावी! दर महिन्याला डबा बाजूला ठेवून जिनं ती वाचली, तिला हे सांगणं आलं.

वस्तीतही धुसफूस झाली. पुढच्या पौर्णिमेला बलभीम नावाचा एक तरुण उठला. नोकरीवाला, पुण्याला राहणारा, मनानं चांगला. म्हणाला, "हा नियम आता काढून टाका. ते लोक दुपारच्या दुपारी पैसे काढत्यात अन् आपण चंद्र उगवायची वाट बघतो. तिघांना फोनवर ठरवू द्या." कितीतरी माना हलल्या. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हेही म्हणालं की सही करणारीलाच सगळं माहीत होतं, तर मग ती गप का बसली.

संघप्रिया उठली. तिचा आवाज माईकवर चालतो तसाच माईकवाचूनही चालतो.

"मी गप बसले व्हय. मला भ्या वाटलं व्हतं अन् मी गप बसले, कारण मी नियम मोडला असता तर उद्या दुसऱ्यानं मोडला असता. माझ्या बापानं चोराच्या घरावर मजला चढवला, ठाऊक नसताना. ते पुन्हा व्हायला नगं म्हणून हा नियम हाय. आपण सगळ्यांसमोर ठरवतो, सगळ्यांना कळल्यावर ठरवतो, ही काय आपली चूक न्हाय. आपल्याला ह्याची लाज वाटाया लागली तर त्या सुरजचंच खरं म्हणायचं." ती दम घ्यायला थांबली. "चुकलो आपण ते दुसरीकडं. बडी माणसं बसलीत म्हणून आपण बसलो. ती आपल्याला बघून बसली न्हवती. पैसा पौर्णिमेला हलवायचा असंल तर तो पौर्णिमेपर्यंत थांबणाऱ्या जागीच ठेवायचा, एवढं मला त्या दिवशी सुचायला पायजे व्हतं. ते सुचलं न्हाय. त्याचं काय ते मला बोला. नियमाला बोलू नका."

बलभीम खाली बसला. नियम आहे तसा राहिला, आणि अभ्यासिकेच्या भिंतीही लिंटलपर्यंत आल्या तशा राहिल्या. फंडाकडून मधून काही रक्कम आली, मग आली नाही. पोरं त्या बिनछताच्या खोलीत थंडीच्या दिवसांत उन्हाला बसून वाचतात. ऊन चढलं की उठून जातात.

परवाची गोष्ट. परंड्याहून भूमवरून धाराशिवला जाणारी शेवटची गाडी यायची होती आणि स्थानकात पन्नासेक माणसं खोळंबली होती. त्यांत पुतळाबाई होती. तिच्या डोळ्यात मोतीबिंदू, सकाळी धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात तपासणी, रात्री तिथं लेकीकडं मुक्काम. गाठोडं मांडीवर घेऊन ती पहिल्या बाकावर बसली होती. तेवढ्यात खिडकीच्या जाळीशी ओळखीचा चेहरा आला. सुरज. संस्थेच्या कसल्याशा कार्यक्रमाला आला होता आणि त्याची गाडी भूममध्येच गॅरेजला लागली होती.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला. मागचं काही झालंच नाही अशा सुरात. "धाराशिवची येणार का न्हाय? नसंल तर तेवढं आधी सांगा. बाहेर एकच जीप हाय, जागा धरतो."

फोन नुकताच येऊन गेला होता. वाटेत उसाची ट्रॉली पलटली होती. परंड्याची गाडी भूमपर्यंत पोचणारच नव्हती. संघप्रियानं सुरजकडं पाहिलं. मग माईक ओढला आणि बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. परंडा-धाराशिव गाडी रस्ता बंद असल्यामुळं आज येणार नाही."

स्थानक उठलं. तरणीताठी माणसं धावली, जीप बघता बघता भरली, दाराला लोंबकळूनसुद्धा माणसं गेली. सुरजला जागा मिळाली नाही. पुतळाबाईला तर उठून उभं राहायलाच वेळ लागला. हे संघप्रियाला दिसत होतं आणि तिला स्वतःचाही राग आला. सगळ्यांना एकदम सांगितलं तरी पळणारा पुढं आणि म्हातारी मागंच.

सुरजनं फोन काढला. चार शब्द बोलला. आणि थोड्याच वेळात स्थानकाच्या फाटकाशी संस्थेच्या अध्यक्षांची पांढरी गाडी येऊन उभी राहिली, आत ड्रायव्हरशिवाय कुणी नाही. त्याच्यासाठी गाडी आली. अशा लोकांसाठी ती कुठून तरी येतेच.

संघप्रिया खिडकीतून उठली. इतक्या वर्षांत ड्यूटीच्या वेळी ती खिडकी सोडून बाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती. तिनं पुतळाबाईचं गाठोडं उचललं, तिचा हात धरला आणि तिला घेऊन थेट त्या गाडीपाशी गेली. सुरज मागच्या सीटवर बसत होता. तिनं पलीकडचं दार उघडलं.

"धाराशिवलाच चाललास ना?"

फाटकाशी उरलेली माणसं बघत होती. सुरज म्हणाला, "व्हय ताई, पण..."

"बसा, मावशी." तिनं म्हातारीला आत बसवलं, गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं, पदर दारात अडकणार नाही असा आत घेतला. "मावशी, ह्याला वळखलं का? डोळ्यानं दिसत नसंल नीट. हा सुरज. आपले पैसे ह्यानंच ठेवले."

"आगं बया," पुतळाबाई म्हणाली आणि तिनं दगडी हातानं सुरजचं मनगट चाचपून घट्ट धरलं. "लेकरा, तूच व्हय रं तो?"

"धाराशिव येईपर्यंत लई वेळ हाय," संघप्रिया म्हणाली. "मोठ्या लोकांना आधी का सांगितलं, ते इचारा त्याला. अन् शेळ्यांचंबी सांगा."

तिनं दार लावलं आणि खिडकीत परत जाऊन बसली.